भरलेली कांडी

"ईरा क्लासहून आली नाही का गं अजून?"

संध्याकाळचे साडेसहा झाले की प्रज्वल मगदूम हा प्रश्न विचारायचे. सानिकाबाई भाजी चिरत असोत, कपडे वाळत घालत असोत, नाहीतर नुसत्या डोकं धरून बसलेल्या असोत, प्रश्न चुकायचा नाही. सुरुवातीला त्यांनी खरं सांगून पाहिलं. "अहो, ईरा आता पंचवीस वर्षांची आहे. पोर्ट ब्लेअरला नोकरी करते." त्यावर प्रज्वलराव हसायचे. "काय पण चेष्टा करतीस! काल तर माझ्याकडून तिच्या सायकलचं पंक्चर काढून नेलंय तिनं." मग सानिकाबाईंनी नाद सोडला. आता त्या एवढंच म्हणायच्या, "निघालीय. पोहोचेलच." आणि ते समाधानानं मान डोलवून खिडकीशी बसायचे.

सन २०७९ चा तो ऑगस्ट. जानेवारीत प्रज्वलरावांना मेंदूचा झटका आला आणि त्यांची तेरा वर्षांची आठवण पाटी पुसल्यासारखी गेली. त्याची आता कुणाला धास्ती वाटत नसे. कानामागच्या टिकलीनं टिपलेल्या आठवणींचा साठा घरोघरी असायचा. गेलेली आठवण त्या साठ्यातून मेंदूत पुन्हा भरायची, या उपचाराला म्हणत परतभरण. इचलकरंजीत तर त्यासाठी चार मजली केंद्र होतं. झटक्यानं दुखावलेला मेंदू एका वेळी दोनच वर्षांची आठवण पेलू शकतो, म्हणून नातेवाइकांनी दोन वर्षं निवडून द्यायची. सानिकाबाईंनी शेवटची दोन वर्षं निवडली होती. केंद्रानं ती भरली, शिक्का मारला, कागद दिला: परतभरण यशस्वी.

आणि यशस्वी परतभरण झालेला हा माणूस रोज सकाळी डबा मागत होता. ज्या यंत्रमागाच्या शेडमध्ये त्यानं माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून हयात घालवली, तिथं जायला. ती शेड पाडून आठ वर्षं झाली होती. टिपू का भुंकत नाही, असं विचारत होता. टिपू कुत्रा मरून दहा वर्षं झाली होती.

यातलं काहीही सानिकाबाईंनी चालवून घेतलं असतं, टिपूसुद्धा. पण एक गोष्ट त्यांना चालवून घेता येत नव्हती.

पाच वर्षांपूर्वी, २०७४ साली, प्रज्वलरावांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली. तिला सगळे आक्का म्हणत. आईमागं तिनंच भावाला वाढवलेलं. "ईराला बघायचंय," एवढाच तिचा घोशा. प्रज्वलरावांनी पोर्ट ब्लेअरला फोन लावला. ईरा म्हणाली, "निघालेय बाबा, पोहोचतेच." ती निघालीच नव्हती. हातातलं काम संपवून निघू, एक दिवसानं काय होतंय, असं तिला वाटलं. आक्का दाराकडं बघत दोन दिवस तग धरून राहिली आणि गेली. तिसऱ्या दिवशी ईरा आली, तेव्हा प्रज्वलरावांनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "तुझं तोंड बघायचं नाही मला," म्हणाले. आणि तब्बल चार वर्षं त्यांनी ते खरं करून दाखवलं.

सानिकाबाईंचा जळफळाट व्हायचा. चूक पोरीचीच, मान्य. पण पोरगी हे शिकली कुणाकडून? जन्मभर ह्या माणसानं घरात लुंगी नेसून बसून फोनवर सांगितलं, "आलोच की, नाक्यावर आहे." दळण आणलं का? आणलं की. बिल भरलं का? भरलं की. दळण पायरीवर आणि बिल खिशात! आणि तोच माणूस पोरीच्या एका "पोहोचते"साठी चार वर्षं धुमसत बसला.

मग गेल्या डिसेंबरच्या तेवीस तारखेला अघटित घडलं. ईराचा फोन आला आणि सानिकाबाईंच्या हातातून तो प्रज्वलरावांनी घेतला. गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. अर्ध्या तासानं आत आले ते डोळे लाल करून. "संक्रांतीला येते म्हणाली," एवढंच बोलले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन दोन किलो तिळाच्या वड्या घेऊन आले. दोन जानेवारीला झटका आला. संक्रांतीला ईरा आली ती दवाखान्यात, आणि तिच्याकडं बघून बाप म्हणाला, "ह्या बाई कोण?"

जाताना ईरा आईच्या गळ्यात पडून रडली. "त्या दिवशी फोनवर ते मला जे म्हणाले ना आई, ते मला एकदा समोर बसून त्यांच्या तोंडून ऐकायचंय. बरे झाले की कळव." फोनवर नेमकं काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि सानिकाबाईंनी विचारलं नाही. बापलेकीचं आहे, त्यांचं त्यांना.

म्हणून त्या केंद्राच्या पायऱ्या झिजवत होत्या. आजची सातवी खेप.

चार नंबरच्या खिडकीत हेरवाडे नावाचे सुपरवायझर बसत. त्यांनी सातव्यांदा पडद्याकडं बोट केलं. "बाई, हे बघा. आदेश: अकरावं वर्ष संपल्यावर जा. यंत्राचं उत्तर: पोहोचलो. हिरवा दिवा. सगळं बरोबर आहे."

"बरोबर आहे तर माझा नवरा मेलेल्या कुत्र्याला भाकरी का टाकतो?"

"ते घरचं वातावरण..."

"वातावरण गेलं चुलीत! त्यांना तेरा वर्षांमागचं आठवतंय आणि ते कालचं म्हणून आठवतंय. तुमचं यंत्र चुकीच्या जागी जाऊन बसलंय, एवढं साधं कळत नाही?"

"यंत्र पोहोचलो म्हणतंय बाई."

"म्हणतंय! म्हणायला काय जातंय?"

हेरवाडे दमले होते. आवाज खाली आणून ते म्हणाले, "एक विचारू? साहेब आनंदात आहेत ना? जेवतात, झोपतात, हसतात. मग कशाला एवढी यातायात?"

यावर सानिकाबाई जे बोलल्या ते ऐकून रांगेतल्या दोन बायका उठून पाण्याच्या पिंपाकडं गेल्या. आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला आणि जिन्यावरून एक सडपातळ बाई घाईघाईनं खाली आली. केंद्राच्या स्मृतिशास्त्रज्ञ डॉ. रेहाना मुजावर. जेमतेम पस्तिशीच्या.

"काकू, वर या. मला सांगा सगळं. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय," सानिकाबाई म्हणाल्या. पण गेल्या.

रेहानानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काकांचा साठा कशावर होता? तबकडी की कांडी?"

"कांडी. स्वस्त पडते म्हणून."

हे दोन शब्द त्या काळी गावात लहान पोराच्याही तोंडी होते. तबकडीवर प्रत्येक दिवस संपूर्ण नोंदलेला असे. मधलं कुठलंही वर्ष हवं, की वाचणारी सुई उचलायची आणि तिथं टेकवायची. ही झाली उडी. पण तबकडी महाग. कांडी म्हणजे प्रथिनांचा केसाहून बारीक धागा, मागाच्या कांडीसारखाच गुंडाळलेला. त्यावर पूर्ण दिवस नसतो. कालच्यापेक्षा आज काय वेगळं घडलं, तेवढंच असतं. त्यामुळं जागा कमी लागते आणि खिशाला परवडते. मात्र बुधवार माहीत असल्याशिवाय त्या धाग्यावरचा गुरुवार कळत नाही. आणखी एक अडचण होती. प्रत्येक मेंदूची लिपी वेगळी, त्यामुळं धाग्यावर काय लिहिलंय ते ज्याच्या त्याच्याच मेंदूला वाचता येई. यंत्र म्हणजे नुसता पोस्टमन. पत्र नेऊन देणार, पण आत काय आहे ते त्याला ठाऊक नाही.

"आम्ही एकच आदेश दोघांना देतो," रेहाना म्हणाली. "अमुक वर्षावर जा. तबकडी जाते. कांडीसुद्धा 'पोहोचलो' असं कळवते. सहा वर्षं असंच चाललंय."

"ती जाते कशी? मला दाखवा."

"पेटी सीलबंद असते काकू."

"मग फोडा की सील. डॉक्टर तुम्ही आहात का ते हेरवाडे?"

रेहानानं ड्रॉवरमधून पेचकस काढला. प्रज्वलरावांची कांडी तळघरातून मागवली, पेटीत बसवली आणि झाकण उघडंच ठेवलं. मग कळफलकावर आदेश दिला: अकरावं वर्ष संपल्यावर जा.

टिंग. हिरवा दिवा लागला. पोहोचलो.

सानिकाबाई दिव्याकडं बघतच नव्हत्या. त्या पेटीत वाकून कांडीकडं बघत होत्या. माहेरी शाळेतून आल्या की त्या आईबरोबर कांड्या भरायला बसत, दिवसाला दोनशे. भरलेली कांडी कोणती आणि रिकामी होत आलेली कोणती, हे त्यांना झोपेतही हाताला कळलं असतं.

"पहिला दिवस बाहेरच्या बाजूला असतो ना?"

"हो. साठा इथं आला की त्यातली गेलेली तेरा वर्षं आम्ही आधी उलटून गुंडाळून घेतो. पहिला दिवस वर, शेवटचा अगदी आत."

"मग तेरातली अकरा वर्षं उलगडली असती तर ही कांडी काडीसारखी दिसायला पाहिजे होती. ही तर गच्च भरलेली आहे! आणि अर्ध्या सेकंदात एवढा धागा उलगडतोय होय? कुणाला सांगताय? हललीसुद्धा नाही ती, पोरी. आहे तिथंच, पहिल्या दिवसावर बसलीय."

रेहानानं पुन्हा आदेश दिला. टिंग. पोहोचलो. कांडी स्थिर. तिनं पाचवं वर्ष मागितलं. टिंग. नववं मागितलं. टिंग. मग, वेड लागल्यासारखं, चाळिसावं वर्ष मागितलं, जे त्या कांडीत असणंच शक्य नव्हतं.

टिंग. पोहोचलो.

"अगं बाई," सानिकाबाई म्हणाल्या. "हे तर आमच्या ह्यांच्यासारखंच आहे. घरात लुंगीवर बसायचं आणि फोनवर सांगायचं, आलोच की."

रेहाना हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पुढचे चार दिवस तिनं जुने कागद उपसले आणि पाचव्या दिवशी सानिकाबाईंना बोलावून घेतलं. भानगड अशी होती. पहिल्यावहिल्या कांडीपेट्या खऱ्या बोलायच्या. उडी मारायला सांगितलं की लाल दिवा लागे: जमत नाही. पण लाल दिवा लागला की पेशंटचे नातेवाईक घाबरत, केंद्रं पेट्या परत पाठवत आणि वरचे साहेब खालच्यांना फैलावर घेत. 'जमत नाही' हे उत्तर कुणालाच नको होतं. तेव्हा ज्या कंपनीनं पेट्या केल्या, तिथल्या कुणीतरी शहाण्यानं एक ओळ बदलली. उडीचा आदेश आला की काही करू नकोस, फक्त 'पोहोचलो' म्हण. तक्रारी त्या दिवसापासून बंद झाल्या.

"आणि तुम्ही सहा वर्षं झाकण उघडून बघितलं नाही?"

"नाही काकू."

"कुणाच्याच घरून बोंब आली नाही?"

रेहानानं कागदांचा गठ्ठा सरळ केला, पुन्हा विस्कटला. "कांडीवरचे चारशे बारा पेशंट आहेत. मी बऱ्याच जणांना फोन केले. घरच्यांनी प्रत्येकाला विचारलं होतं, आठवतंय ना? प्रत्येकजण म्हणाला, हो, आठवतंय. काय आठवतंय, ते कुणी विचारलंच नाही. तक्रार फक्त तुमची."

चारशे अकरा घरं, आणि प्रत्येक घरात एक माणूस चुकीच्या वर्षात बसून हो म्हणतोय.

"यंत्राबाबत आता नियम बदलतोय," रेहाना म्हणाली. "पेटीला पोहोचलीस का असं विचारायचं नाही. आधी ती कोणत्या जातीची आहे ते बघायचं. तबकडी आहे याची खात्री असेल तरच उडी. नाहीतर चाल."

"चाल म्हणजे?"

"धागा पहिल्या दिवसापासून वाचत जायचं. नको असलेलं वाचायचं आणि टाकून द्यायचं, आणि हवं ते आलं की ठेवायचं. दुसरा सुरक्षित मार्ग नाही."

"मग करा की. अडलंय कुठं?"

"अडलंय इथं, की वाचणार काकांचा मेंदू. नको असलेली अकरा वर्षं त्यांच्या डोक्यातून जाणार. वेगानं, पण प्रत्येक दिवस. ती आठवण आम्ही मागच्या मागे पुसतो, पण..." ती अडखळली. "घटना पुसली जाते. तिच्यामुळं मनाला जे झालं असेल ते पूर्ण पुसलं जात नाही. प्रयोगात असं दिसलंय. राग उरतो, कशाचा ते माहीत नसतं. दुःख उरतं, कुणाचं ते माहीत नसतं. आणि आत्ता जी दोन वर्षं चुकून भरलीत, ती आधी काढावी लागतील. तेरा वर्षांची ईरा जाईल."

सानिकाबाईंनी मनातल्या मनात वर्षं मोजली. वाटेत शेड पडणार. टिपू मरणार. आक्का दाराकडं बघत जाणार. पोरीला उंबऱ्यातून परत पाठवलं जाणार. ह्या सगळ्यातून त्या माणसाला पुन्हा न्यायचं, कशासाठी? तर डिसेंबरातल्या अर्ध्या तासासाठी.

रात्री त्यांनी ईराला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, राहू दे. ते सुखात आहेत."

"सुखात आहेत, आणि तू?"

"माझं काय."

"तुझं काय म्हणजे? साडेसहाला रोज तुझी वाट बघत बसतात ते, आणि मी रोज पोहोचेलच म्हणते. मला नाही जमत आता! खोटं बोलून जीभ विटली माझी. त्यांनी तुला जे काय दिलं असेल ते दिलंय, ते तुझ्या हक्काचं आहे. मी ते परत आणणार." आणि पोरगी आणखी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

चाल एकेचाळीस दिवस चालली. रोज सकाळी दहा ते बारा. प्रज्वलराव खुर्चीत मान टेकून डोळे मिटून पडत, पेटीतली कांडी हळूहळू फिरे, आणि झाकण आता उघडं असे. सानिकाबाई समोर बसून कांडी बारीक होताना बघत. हिरव्या दिव्यावर त्यांनी चिकटपट्टी लावून टाकली होती. हेरवाडेंनी एकदा हरकत घेऊन पाहिली. पुन्हा घेतली नाही.

प्रज्वलरावांच्या चेहऱ्यावरून वर्षं सरकत. कधी हसत, कधी झोपेत माणूस बरळतो तसं पुटपुटत. साडेसहाचा प्रश्न पहिल्याच दिवशी बंद झाला, आणि पहिले आठ दिवस त्या वेळेला सानिकाबाईंचे हात कामातून थांबत. सत्ताविसाव्या की अठ्ठाविसाव्या दिवशी खुर्चीत त्यांच्या घशातून एक आवाज आला, आणि सानिकाबाई ताडकन उठल्या, कारण हा आवाज त्यांनी आक्काच्या मयताच्या दिवशी ऐकला होता. त्यानंतर प्रज्वलरावांची उजवी मूठ वळली. रेहानानं धागा थांबवून विचारलं, "काका, काय होतंय?"

"काही नाही," ते डोळे न उघडता म्हणाले. "बरं आहे की."

त्या दिवसापासून मूठ वळलेलीच राहिली. घरी जेवतानासुद्धा ते डाव्या हातानं घास घेत. का, ते त्यांना सांगता येईना.

पस्तिसाव्या दिवसापासून आठवण ठेवायला सुरुवात झाली. आता घरी येताना ते रस्त्यातल्या नव्या पुलाकडं बोट दाखवत. "पुराचं पाणी अजून येतंय का इथं?" असं बरोबर विचारत. सानिकाबाई दर संध्याकाळी रेहानानं शिकवल्याप्रमाणे परीक्षा घेत. आठवतंय का, असं विचारायचं नाही. काय दिसतंय, ते सांगा म्हणायचं. गेल्या वर्षी गणपतीत आपल्याकडं कोण जेवायला आलं होतं? नावं सांगा. पडदे कुठल्या रंगाचे घेतले? प्रज्वलराव बरोबर सांगत होते. सानिकाबाईंचा जीव भांड्यात पडत होता. बघा, बघा, पोहोचतोय हा माणूस, खरोखरच पोहोचतोय. त्यांनी ईराला कळवलं, रविवारी ये.

एकेचाळिसाव्या दिवशी कांडी रिकामी झाली. टोक सुटून पेटीत भिरभिरलं. रेहानानं शेवटच्या नोंदीबद्दल प्रज्वलरावांना शांतपणे दहा-बारा प्रश्न विचारले, टिपून घेतले, आणि मग त्यांना चहाला पाठवून दार लावलं.

"काकू, शेवटचा दिवस अकरा डिसेंबर आहे."

"असं कसं? झटका दोन जानेवारीचा."

"धागा अकरा डिसेंबरला संपतो. रविवार होता. कानामागची टिकली फक्त सात दिवसांची आठवण धरते. आठव्या दिवशी जुनी पुसते. म्हणून दर रविवारी ती घरच्या कांडीपेटीला लावायची असते. काकांनी पुढचे तीन रविवार ती लावलेली नाही. टिकलीत शेवटचा आठवडा होता, पण मधले पंधरा दिवसच नाहीत म्हटल्यावर तो कशाला जोडायचा? तेवीस तारखेचा फोन कुठंच नाही."

सानिकाबाई खुर्चीत बसल्या. दर रविवारी, पोळ्या लाटता लाटता, स्वयंपाकघरातून त्या ओरडत असत. "अहो, टिकली लावली का पेटीला?" आणि पेपरच्या मागून उत्तर येई. "लावली की."

"लावली की," त्या आता मोठ्यानं म्हणाल्या, आणि मग एकदम हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडात कोंबला. अठरा तारीख, पंचवीस तारीख, एक तारीख. तीनदा विचारलं होतं त्यांनी! उठून बघायला चार पावलं लागली असती.

"म्हणजे आता त्यांना काय माहीत आहे?"

"दोन वर्षांपासून मुलीशी बोलत नाही, एवढं माहीत आहे. का बोलत नाही, ते माहीत नाही. राग मात्र सगळा आहे. तो आम्ही पुसू शकलो नाही." "मला माफ करा काकू. ईराला मी सांगू का?"

"मी सांगते," सानिकाबाई म्हणाल्या. "सांगतेच."

बुधवार गेला, गुरुवार गेला. शनिवारी त्यांनी फोन हातात घेतला आणि ईराला विचारलं, विमान किती वाजता आहे. नवऱ्यालाही त्या सांगणार होत्या, की अहो, तुमचं बोलणं झालंय, तुम्ही तिळाच्या वड्या आणल्या होत्या. पण हे सांगितलं तर ते हो म्हणतील, हे त्यांना ठाऊक होतं. मग ते हो त्यांचं असणार की सानिकाबाईंचं? नुसता डोक्याला ताप.

रविवारी अकरा वाजता ईरा दारात उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर. प्रज्वलराव खिडकीशी खुर्चीत होते. तिला बघताच त्यांची मान ताठ झाली आणि जबडा आवळला गेला. उजवी मूठ खुर्चीच्या हातावर होती, ती पांढरी पडेपर्यंत वळली.

"आत ये गं," सानिकाबाई म्हणाल्या.

ईरा आत आली आणि बापाच्या पायाशी खाली बसली. तिनं बोलायचं बरंच ठरवून आणलेलं असावं. तोंडातून एवढंच आलं, "बाबा, तेवीस डिसेंबरचा आपला फोन आठवतो ना तुम्हाला?"

प्रज्वलरावांनी तिच्याकडं बघितलं. मग मान वर करून सानिकाबाईंकडं बघितलं. तेरा वर्षं डोक्यातून गेली होती, पण ती नजर सानिकाबाईंना चाळीस वर्षांपासून ओळखीची होती. दळण पायरीवर असताना, बिल खिशात असताना तो माणूस असाच बघायचा.

"आठवतो की," ते म्हणाले.

ईरानं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली. त्यांचा डावा हात अवघडून तिच्या केसांवर आला. उजवी मूठ तशीच होती. सानिकाबाईंनी ती बघितली, बराच वेळ बघितली, आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. त्या माणसानं आत्ता पोरीला दुसऱ्यांदा माफ केलं होतं, की नेहमीसारखा घरात बसून नाक्यावर आहे म्हणाला होता, हे त्यांना कळेना. झाकण उघडून बघावं अशी इथं पेटी नव्हती.

थोड्या वेळानं ईरा डोळे पुसत स्वयंपाकघरात आली. चेहरा हलका झाला होता. कपबश्या मांडता मांडता ती थांबली.

"आई, त्या डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, आठवतंय का असं विचारायचं नाही, काय आठवतंय ते विचारायचं. विचारू का बाबांना? फोनवर मला काय म्हणाले होते ते?"

चहा वर आला होता. सानिकाबाईंनी गॅस बारीक केला.

"कशाला गं?" त्या म्हणाल्या. "आठवतंय म्हणाले ना ते? झालं तर मग. गाळणी दे इकडं."